पीकरन (डच शब्द)

पीकरन हे डच लोकांच्या रोजच्या बोलण्यातले क्रियापद. एकच गोष्ट मनात घोळवत राहणे, काळजी करत बसणे, हा त्याचा अर्थ. उद्याच्या कामाचा घोर लागून रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, तेव्हा डच माणूस हाच शब्द वापरतो. ऐकायला तो अस्सल डच वाटतो. मूळचा मात्र तो अरबी, आणि आपल्या ‘फिकीर’चे भावंड.

अरबीत ‘फिक्र’ म्हणजे विचार. इस्लामबरोबर आलेल्या अरबी शब्दांत हाही मलय भाषेत रुजला. मूळच्या मलय उच्चारांत ‘फ’ नाही, म्हणून बोलताना त्याचा ‘पिकिर’ झाला. इंडोनेशियात विचार करण्याला आजही हाच शब्द आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६१९ मध्ये बटाविया, म्हणजे आजच्या जकार्ताचे ठाणे घेतले. तेव्हापासून १९४९ मध्ये इंडोनेशियाचे स्वातंत्र्य मान्य करेपर्यंत डच कुटुंबांचा बाजारात, कचेरीत, स्वयंपाकघरात मलय बोलीशी संबंध येत राहिला. त्यातूनच ‘पिकिर’ला डच क्रियापदाचा प्रत्यय लागला. डचांची वखार आपल्या वेंगुर्ल्यातही होती, पण हा शब्द त्या वाटेने गेलेला नाही. हुशार या अर्थाचा ‘पींटर’ आणि दुकान या अर्थाचा ‘टोको’ हेही डचमध्ये मलयमधूनच आले.

शब्दाचे परकेपण आघातातही जाणवते. ‘स्ट्युडेरन’ (अभ्यास करणे) यासारख्या फ्रेंच वळणाच्या क्रियापदांत जोर ‘डे’वर पडतो. पीकरनची अखेर लिहिताना अगदी तशीच दिसते, पण जोर पहिल्या ‘पी’वर.

विचाराची काळजी झाली, ती डचमध्ये आणि मराठीतही. फरक वापरात आहे. फारसीमार्गे आलेली आपली फिकीर बहुतेक नकारातच भेटते: ‘फिकीर नको’, ‘कुणाची फिकीर नाही’, ‘बेफिकीर’. डच माणूस पीकरन खरोखर करत बसतो. एका नकारी वाक्प्रचारात मात्र शब्दाचा जुना अर्थ वर येतो. ‘इक पीकर एर नीट ओव्हर’ याचा अर्थ ‘मला काळजी नाही’ असा होत नाही; ‘छे, तसला विचारसुद्धा करणार नाही’ असा होतो. अरबीतला ‘विचार’ एवढ्या एका वाक्प्रचारात शाबूत राहावा, ही या शब्दाची सर्वांत सुंदर गोष्ट.

काळजीखोर माणसाला ‘पीकराआर’ म्हणतात. नेदरलँड्समधले समुपदेशक अशांना ‘पीकरक्वार्टीर’ सुचवतात: दिवसातली ठरावीक पंधरा मिनिटे काळजीसाठी राखून ठेवायची आणि एरवी मनात आलेली काळजी त्या वेळेवर ढकलायची.