व्हेरी की टू? ‘जास्तच’ लावून बघा

चहा ‘व्हेरी हॉट’ असेल तर फुंकर मारत पिता येतो. ‘टू हॉट’ असेल तर कप खाली ठेवावा लागतो. आपला ‘फार’ मात्र दोन्हीकडे चालतो, आणि घोळ तिथेच होतो. ‘चहा फार गरम आहे’ हे कौतुक की तक्रार, ते मराठीत सुरावरून कळतं. इंग्रजीत शब्दच वेगळा निवडावा लागतो.

‘व्हेरी’ फक्त प्रमाण सांगतो. दोन ओवाला ‘टू’ हवं त्यापेक्षा अधिक झाल्याचं सांगतो. म्हणून ‘जास्तच’ लावून बघावं. ‘शर्ट जरा जास्तच सैल आहे’ म्हणजे ‘टू लूज’, दुकानदार मुकाट्याने लहान माप काढतो. ‘व्हेरी लूज’ म्हटलंत, तर तुम्हाला तशीच फॅशन हवी असंही त्याला वाटेल. साहेबांना कौतुकाने ‘युवर रिपोर्ट वॉज टू डिटेल्ड’ असं लिहिलं, तर त्याचा अर्थ ‘किती पाल्हाळ लावलंत’ असा होतो.

गंमत म्हणजे हा ‘टू’ आपण शाळेत घोटलेला असतो. ‘रिमूव्ह टू’ असा प्रश्न आला की हात आपोआप ‘सो... दॅट... कॅनॉट’ लिहितो. ‘ही इज टू वीक टू वॉक’ म्हणजे इतका अशक्त की चालवत नाही. नकार त्या ‘टू’च्या पोटातच आहे. पण मार्क मिळाले की तो विसरायचा, आणि बोलताना बिनदिक्कत ‘आय ॲम टू हॅपी’ म्हणायचं!

जोर वाढवायची तऱ्हाही निराळी. ‘व्हेरी व्हेरी हेवी’ चालतं, ‘टू’च्या आधी मात्र ‘मच’ किंवा ‘फार’ येतो: ‘फार टू हेवी’. हा ‘फार’ इंग्रजीतला, लांब या अर्थाचा; आपल्या ‘फार’शी त्याचं नातं नाही, पण लक्षात ठेवायला बरा. ‘मच व्हेरी’ मात्र कधीच नाही.

आता अपवाद. ‘यू आर टू काइंड’ ही तक्रार नव्हे, आभाराची रीत आहे. ‘ओन्ली टू हॅपी टू हेल्प’ म्हणजे मदत करायला आनंदच आहे. इथे ‘कॅनॉट’ घुसवलं की अर्थ उलटा. ‘नॉट टू बॅड’ म्हणजे बरं चाललंय, तर ‘नॉट व्हेरी गुड’ हे बहुतेकदा ‘वाईट’ म्हणायचं सभ्य रूप. आणि ‘यू कान्ट बी टू केअरफुल’ ऐकून कुणी निष्काळजी होऊ नये. त्याचा अर्थ कितीही जपलं तरी ते जास्त होणार नाही, असा आहे.