बर्डिक स्ट्रीट : अर्ध्यावर राहिलेला आराखडा

मिशिगन राज्यातलं कॅलमझू हे १९६० च्या आसपास जेमतेम ८२ हजार वस्तीचं गाव. अपजॉनची औषधं, गिब्सनच्या गिटारी आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर धावणाऱ्या चेकर टॅक्सी इथे बनत. टॅक्सी बनवणाऱ्या या गावाने १९ ऑगस्ट १९५९ रोजी आपल्या मुख्य बाजारपेठेतून, म्हणजे बर्डिक स्ट्रीटवरून, मोटारी हद्दपार केल्या. कायमच्या, असं तेव्हा वाटलं होतं. दोन ब्लॉकमधलं, म्हणजे चौकापासून चौकापर्यंतच्या दोन टप्प्यांतलं, डांबर उखडून तिथे हिरवळ, झाडं, कारंजी आणि बाकडी आली. काल जिथे गाडी लावायला जागा सापडत नव्हती, तिथे लोक पिशव्या सांभाळत रस्त्याच्या मधोमध चालू लागले. अमेरिकेत गाड्यांचा वाहता रस्ता बंद करून केलेला हा पहिला पादचारी बाजार मानला जातो. गावाने ‘मॉल सिटी’ हे बिरूदही लावून घेतलं.

मॉल म्हटलं की आपल्याला सरकते जिने आणि एसीचा गारवा आठवतो. शब्दाचा जुना अर्थ मात्र झाडांच्या सावलीतला फिरण्याचा रस्ता असा. शिमल्याच्या मॉल रोडमध्ये तो अजून शिल्लक आहे. हा अर्थ बदलला कसा, याची गोष्ट आणि बर्डिक स्ट्रीटची गोष्ट एकाच माणसापाशी येऊन मिळते.

तो माणूस म्हणजे व्हिक्टर ग्रूएन. जन्म १९०३, व्हिएन्ना. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर हा ज्यू वास्तुविशारद अमेरिकेत आला आणि दुकानांचे दर्शनी भाग सजवण्यापासून त्याने सुरुवात केली. १९५६ मध्ये मिनेसोटात साउथडेल उभं राहिलं. चारी बाजूंनी बंद, वातानुकूलित, सभोवती पार्किंगचं मैदान. आज जगभर दिसणाऱ्या मॉलचा हा मूळपुरुष. ग्रूएनच्या मनात मात्र व्हिएन्नाचा गजबजलेला चौक होता. उपनगरात तो बांधता येतो, तर जुन्या बाजारपेठेत का नाही, या विचाराने त्याने त्याच वर्षी टेक्सासमधल्या फोर्ट वर्थसाठी मोठा आराखडा केला. तो कागदावरच राहिला.

उपनगरी दुकानांची धास्ती घेतलेल्या कॅलमझूने मग त्याला बोलावलं. १९५८ मध्ये त्याने ‘कॅलमझू १९८०’ हा आराखडा दिला. नाव लक्षात ठेवा. त्यात गावाच्या मध्यभागाला वळसा घालणारा वर्तुळाकार रस्ता होता, त्याच्या कडेला वाहनतळ होते आणि आतला सगळा गाभा चालणाऱ्यांसाठी होता. गाडी वेशीवर ठेवा, आत पायी या, असा सरळ हिशेब. गावाने यातला स्वस्त आणि देखणा भाग, म्हणजे बर्डिक स्ट्रीट, तेवढा उचलला. वर्तुळाकार रस्ता झालाच नाही. उलट १९६५ मध्ये शेजारचे मोठे रस्ते एकेरी झाले आणि गाड्या बाजाराला वळसा घालण्याऐवजी त्याच्या अंगावरून सुसाट जाऊ लागल्या.

तरीही नक्कल झपाट्याने झाली. पुढच्या दोन-अडीच दशकांत अमेरिकेत असे सुमारे २०० रस्ते झाले आणि बहुतेक पुन्हा गाड्यांना खुले करण्यात आले. बोल्डर (१९७७) आणि बर्लिंग्टन (१९८१) इथले मात्र टिकले. दोन्ही विद्यापीठाची गावं. विद्यार्थी बाजारात चालत येतात. कॅलमझूचं विद्यापीठ पश्चिमेच्या टेकडीवर, बाजारापासून जरा बाजूला.

आराखड्याच्या नावातलं १९८० साल उजाडलं. शेजारच्या पोर्टेजमध्ये क्रॉसरोड्स हा बंदिस्त मॉल सुरू झाला, म्हणजे ग्रूएनच्याच साउथडेलचा वारस. त्याच वर्षी व्हिएन्नात ग्रूएन वारला. उपनगरी मॉलचं पितृत्व त्याने शेवटच्या काळात जाहीरपणे नाकारलं होतं.

१९८४ मध्ये गिब्सनचा कारखाना बंद झाला. १९९५ मध्ये अपजॉन दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. १९९८ मध्ये बर्डिक स्ट्रीटचे दोन ब्लॉक पुन्हा वाहनांना खुले झाले. पुढच्या वर्षी तिथलं गिल्मोर ब्रदर्स हे जुनं डिपार्टमेंट स्टोअर बंद पडलं. पादचारी रस्त्याने धंदा बुडतो, याला पुरावा म्हणून कॅलमझूचं नाव घेतलं जातं. मला ते पटत नाही. तिथे पादचारी बाजाराची परीक्षा पुरती झालीच नाही. वर्तुळाकार रस्ता आणि वाहनतळ वगळून उरलेल्या तुकड्याची झाली. आणि गाड्या परत आल्या म्हणून गिल्मोर वाचलं, असंही घडलं नाही.