टूटू

टूटू : बॅले नर्तकीचा रंगमंचावरील पोशाख. अंगाबरोबर बसणारी चोळी आणि कमरेपासून निघणारा, जाळीदार कापडाच्या अनेक थरांचा घेर हे त्याचे मुख्य भाग. घेराच्या लांबीवरून दोन प्रमुख प्रकार पडतात : पोटरीपर्यंत घंटेसारखा उतरणारा रोमँटिक टूटू आणि मांड्यांच्या वर आडवा, ताठ राहणारा क्लासिकल टूटू. आज बॅले म्हटले की हाच पोशाख डोळ्यांपुढे येतो. पण बॅलेच्या इतिहासाचा निम्म्याहून अधिक काळ तो अस्तित्वातच नव्हता. नर्तकीचे पाय जसजसे नवे काही करू लागले, तसतसा तो घडत गेला.

बॅले राजदरबारात जन्मले आणि त्याचा पोशाखही दरबारीच होता. १६५३ मध्ये फ्रान्सचा चौदावा लुई उगवत्या सूर्याच्या सोनेरी वेषात नाचला, तेव्हा पोशाखाने राजाचे वैभव दाखवायचे होते. पाय दिसतात की नाही, हा प्रश्न गौण होता. पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावर १६८१ मध्ये व्यावसायिक नर्तकी आल्या, त्याही जड झगे, आवळलेल्या चोळ्या आणि टाचांचे बूट घालूनच. पुरुषांचे पाय मोकळे, म्हणून उड्या त्यांच्या वाट्याला. १७२६ मध्ये पॅरिसमध्ये पदार्पण केलेल्या मारी कामार्गोने हा भेद मोडला. उडी मारून हवेतच पाय झपाझप एकमेकांपुढे-मागे नेण्याची, पुरुषांची मानली जाणारी करामत ती लीलया करी आणि ती प्रेक्षकांना दिसावी म्हणून तिने झगा घोट्यांच्या वर नेला. तिची समकालीन मारी साले १७३४ मध्ये लंडनला साध्या मलमलीच्या वस्त्रात, केस मोकळे सोडून नाचली. आखूड घेर एकीकडून आला आणि हलके कापड दुसरीकडून.

या दोन्हींचा मेळ १२ मार्च १८३२ रोजी पॅरिस ऑपेरात ‘ला सिल्फीद’ या बॅलेत बसला. मानवाच्या प्रेमात पडलेल्या वनपरीची भूमिका मारी ताल्योनी करत होती. खांदे उघडे, पाठीला इवले पंख आणि पांढऱ्या तलम कापडाचा घंटेसारखा घेर, असा तिचा पोशाख होता. तो यूजेन लामी या चित्रकाराने योजल्याचे मानले जाते. ताल्योनी पायाच्या बोटांच्या टोकांवर उभी राहून सरके तेव्हा घेर क्षणभर मागे रेंगाळे आणि तिला वजनच नाही असे वाटे. वायूच्या दिव्यांच्या मंद उजेडाने हा भास आणखी गडद केला. १८४१ च्या ‘जिझेल’ मधील प्रेतात्म्यांनीही हाच पांढरा वेष घेतला. बॅलेला लाभलेली ही पहिली खरी प्रतिमा होय.

त्या प्रतिमेची किंमत मात्र भयंकर होती. उघड्या ज्योती आणि हवेवर फुगणारे तलम कापड यांची गाठ रोज पडत असे. १८४४ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात क्लारा वेब्स्टर ही तरुण नर्तकी प्रयोग चालू असताना भाजली आणि दगावली. कापड रसायनात बुडवून आगीपासून वाचवण्याची पद्धत तोवर निघाली होती, फ्रान्समध्ये तिची सक्तीही झाली. पण त्या प्रक्रियेने कापड ताठ आणि मळकट होई. ताल्योनीची लाडकी शिष्या एमा लिव्री हिने तसला घेर घालायला ठाम नकार दिला. तिच्यासाठी ताल्योनीने १८६० मध्ये रचलेल्या ‘ल पापियों’ या बॅलेत फुलपाखरू झालेल्या नायिकेचे पंख मशालीने होरपळतात. दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १८६२ मध्ये, एका ऑपेराच्या तालमीत लिव्रीच्या घेराला वायूच्या दिव्याची ज्योत लागली. आठ महिने यातना सोसून ती वारली, तेव्हा ती जेमतेम वीस वर्षांची होती. तिच्या पोशाखाच्या जळक्या चिंध्या पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात जपल्या आहेत. टूटूच्या मोहकतेबद्दल लिहिताना ही नर्तकी वगळणे अन्यायाचे ठरेल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंत्राचे केंद्र इटलीकडे आणि वैभवाचे केंद्र रशियाकडे सरकले. इटालियन नर्तकींच्या गिरक्या लांब घेरात गुरफटत. १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला आलेल्या व्हर्जिनिया झुक्कीने आखूड घेराचा आग्रह धरला. पिएरिना लेन्यानी १८९५ च्या ‘स्वान लेक’ मध्ये एका पायावर सलग ३२ गिरक्या घेई. त्यांचे सौंदर्य गुडघा आणि मांडी दिसल्याशिवाय कळणारच नव्हते. घेर आखडत आडवा होत गेला तो असा. याच बॅलेतील कपटी ओडिलचा काळा टूटू आता परंपरेचा भाग वाटतो, पण तो विसाव्या शतकात रूढ झाला.

मग बंड झाले. रशियन नाट्यसंयोजक दिआगिलेव यांच्या ‘बॅले रुस’ मंडळीतील नृत्यरचनाकार फोकीन यांना प्रत्येक कथेत तोच टूटू खटकत असे. १९१० च्या ‘फायरबर्ड’ मध्ये अग्निपक्ष्याला चित्रकार बाक्स्त यांनी टूटूऐवजी पौर्वात्य धाटणीचा पायजमा दिला. पण रशियन नर्तकी आना पाव्हलोव्हाची मरणारी हंसी, जी फोकीन यांचीच रचना, पिसांनी मढवलेल्या टूटूतच जगभर फिरली. पाव्हलोव्हा १९२८ मध्ये मुंबईला आली तेव्हा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी तिचे नृत्य पाहिले. पुढे त्या तिच्या मंडळीतील नर्तकीकडे बॅले शिकल्या आणि त्यानंतर भरतनाट्यमकडे वळून त्यांनी त्याच्या वेशभूषेचा नव्याने विचार केला.

टूटू शिवणे हे निराळेच कसब आहे. जाळीचे दहा-बारा किंवा त्याहून अधिक थर बारीक चुण्या घालून चड्डीवर एकावर एक शिवतात. सर्वांत खालचा सर्वांत आखूड, वरचा सर्वांत लांब. काही टूटूंत मधल्या एका थरात पोलादी तारेचे कडे ओवतात. शेवटी सगळे थर सैल टाक्यांनी एकमेकांना बांधतात. टाके घट्ट झाले तर घेर निर्जीव होतो, फारच सैल राहिले तर विस्कटतो. चोळी अनेक कळ्यांची असते आणि पाठीवर हुकांच्या एकाहून अधिक रांगा असतात, कारण एकच टूटू वेगवेगळ्या नर्तकी घालतात. चोळी सहसा धूत नाहीत. घामाचा वास घालवायला तिच्यावर व्होडका फवारतात. सपाट घेर उलटा टांगून ठेवला म्हणजे लोंबत नाही. जोडीदार नर्तकाची अडचण वेगळीच : घेराखालचे तिचे पाय त्याला दिसत नाहीत, त्यामुळे तिचा तोल तो हातांनीच ओळखतो.

मोठी सुधारणा बार्बरा कारिन्स्का यांनी केली. युक्रेनमधील खारकीव्ह येथे जन्मलेल्या या शिवणकर्तीने न्यूयॉर्कमध्ये नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलनशीन यांच्यासाठी १९५० मध्ये तारेविना उभा राहणारा, थोड्या व आखूड थरांचा मऊ टूटू केला. जवळजवळ उभ्या नर्तकींचे घेर त्यामुळे एकमेकींवर आदळेनात. चोळीच्या काही कळ्या उरेप कापल्याने श्वास घ्यायलाही जागा झाली. नर्तकीच्या बरगड्यांचा इतका विचार करणारी ही शिवण मला टूटूच्या इतिहासातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

टूटूखालचे गुलाबी मोजे आणि बूट गोऱ्या कातडीला धरून ठरले होते. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या ‘डान्स थिएटर ऑफ हार्लेम’ या कृष्णवर्णीय नर्तकांच्या बॅले मंडळीने १९७० च्या दशकात प्रत्येक नर्तकीच्या वर्णाशी जुळणारे मोजे आणि बूट वापरायला सुरुवात केली. तसे बूट बाजारात मिळत नसल्याने कृष्णवर्णीय नर्तकी ते स्वतः रंगवत. ‘फ्रीड ऑफ लंडन’ या कंपनीने ‘बॅले ब्लॅक’ या मंडळीच्या साहाय्याने तपकिरी छटांचे तयार पॉइंट शूज (बोटांच्या टोकांवर उभे राहण्याचे बूट) २०१८ मध्ये बाजारात आणले.