अंगणातला दागिना: ऑस्ट्रेलियन क्राफ्ट ज्वेलरीत घर आणि उपनगर कुठून आलं

ऑस्ट्रेलियातल्या क्राफ्ट ज्वेलरी, म्हणजे स्वतः कल्पना लढवून हाताने दागिने, करणाऱ्या लोकांचं काम बघितलं की एक गोष्ट लगेच खटकते, हिरे-माणकं जवळपास नाहीतच, आणि त्याऐवजी कुंपण, बागेतलं तण, प्लास्टिक, युकॅलिप्टसची पानं, आजीच्या घरातल्या वस्तू असलं काहीबाही. आपल्याला वाटतं हे हल्लीचं आर्ट स्कूलवाल्यांचं फॅड असेल. पण तसं नाहीये, हे घर कोणाचं आणि इथला कोण हा वाद तिथल्या दागिन्यांमध्ये फार आधीपासून चालू आहे.

पुस्तकं तिथल्या दागिन्यांची गोष्ट सुरू करतात १८५१ मध्ये सापडलेल्या सोन्यापासून, मला ते पटत नाही. तास्मानियातल्या आदिवासी बायका त्याच्या कितीतरी आधीपासून मेरीनर नावाच्या छोट्या समुद्री शंखांच्या माळा करत होत्या आणि आजही करतात. ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात उतरून शंख गोळा करायचे, वरचं मातकट साल काढायचं (पूर्वी धुरावर धरून आणि घासून, नंतर व्हिनेगर आलं), की आतून निळा-हिरवा मोरपिशी रंग निघतो. भोक पाडायला कांगारूचा दात आणि ओवायला त्याच्याच शेपटीचा स्नायू. लांब माळेत शेकड्यांनी शंख जातात. ट्रुगानिनी नावाच्या तास्मानियन बाईचे (मृत्यू १८७६) जे जुने फोटो आहेत त्यात तिच्या गळ्यात अशाच माळा दिसतात, आणि तिची एक माळ इंग्लंडमधल्या एक्झिटरच्या म्युझियममध्ये जाऊन पडली होती ती १९९७ मध्ये परत मिळाली. हे काम आई-आजीकडून मुलीकडे येतं. लोला ग्रीनो या १९४६ साली केप बॅरन बेटावर जन्मलेल्या बाई आज त्यातलं मोठं नाव, आणि त्यांची आताची काळजी वेगळीच आहे, समुद्र तापतोय, केल्प म्हणजे समुद्री शेवाळाची जंगलं कमी होतायत आणि हे शंख त्या केल्पवरच राहतात.

मग आलं सोनं. १८५१ मध्ये बाथर्स्टजवळ आणि पाठोपाठ बॅलारॅट, बेंडिगोला सोनं सापडलं, जगभरातून माणसं लोटली आणि खाणीवरचे खास ब्रोच, म्हणजे कपड्याला टाचायच्या शोभेच्या पिना, निघाले, त्यात कुदळ, फावडं, बादली, रहाट, कधी कधी छोटासा खाणवालासुद्धा, सगळं सोन्यात. म्हणजे आपण कुठे आलोय आणि काय कमावलं हे छातीवर लावून सांगायचं किंवा मायदेशी बायकोला पाठवायचं. ज्युलियस हॉगर्थसारखे डॅनिश कारागीर सोन्याच्याच ओढीने आले आणि शेवटी सिडनीत दुकान थाटून कांगारू, एमू (शहामृगासारखा तिथला पक्षी), ट्री फर्न (झाडासारखं वाढणारं नेचं) घालून दागिने आणि चांदीकाम करायला लागले. त्या काळी एमूची अंडी चांदीत बसवून शोभेच्या वस्तू करायचे, आणि ज्यांची जमीन काढून घेतली त्या आदिवासींच्याच छोट्या मूर्ती त्याखाली उभ्या करायचे. आज बघताना कसंतरीच होतं.

१९०१ मध्ये वसाहती एकत्र येऊन देश झाला आणि त्याच वर्षी गोऱ्यांखेरीज बाकीच्यांना दार बंद करणारा इमिग्रेशन कायदाही झाला, हे दोन्ही एकदमच लक्षात ठेवावं लागतं. वॅटल हे पिवळं फूल देशाची खूण झालं. ऱ्होडा वेगर ही ग्लासगोत शिकलेली बाई १९१८ च्या सुमारास सिडनीत आली आणि हाताने केलेल्या चांदीत गमची, म्हणजे युकॅलिप्टसची, पानं-फळं आणू लागली. सुंदर काम आहे, पण त्यातलं निसर्गप्रेम हे जरा पाहुण्याचं आहे असं मला वाटतं. आपल्याकडे बोरमाळ, बकुळहार, जोंधळे मणी बघा, परसातली आणि शेतातली वस्तू दागिन्यात कधी येऊन बसली कोणाला पत्ताच नाही, तिथे मात्र ती ठरवून आणावी लागली.

खरी गंमत दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४५ ते १९६५ या वीस वर्षांत वीस लाखांच्या वर माणसं बाहेरून आली, त्यात इटालियन, ग्रीक, डच, पूर्व युरोपातले बरेच, आणि शहरांच्या कडेने उपनगरं पसरत गेली. पाव एकराचा प्लॉट, म्हणजे आपल्या हिशोबाने दहा गुंठे, त्यावर बैठं घर, पुढे लॉन आणि गुलाब, मागे कपडे वाळत घालायचा फिरता स्टँड. ज्याचं त्याचं स्वप्न. शिकलेल्या लोकांनी मात्र या उपनगराची यथेच्छ टिंगल केली, १९५५ मध्ये बॅरी हम्फ्रीज या विनोदी नटाने मेलबर्नच्या मूनी पॉन्ड्स या उपनगरातली मिसेस एव्हरेज रंगमंचावर आणली आणि १९६० मध्ये रॉबिन बॉयड या आर्किटेक्टने त्या सगळ्या सजावटीला कुरूप म्हणून पुस्तकच लिहिलं.

ज्वेलरीवालेसुद्धा तेव्हा उपनगराकडे पाठ फिरवूनच होते, साधी, स्वच्छ युरोपियन आकारांची चांदी हा त्यांचा आदर्श. कोपनहेगनचे हेल्गे लार्सन आणि सिडनीच्या दारानी लुअर्स या जोडप्याने १९६१ मध्ये सिडनीत वर्कशॉप काढलं आणि नंतरच्या कितीतरी जणांना वाट दाखवली. दारानीचे आईवडील, मार्गो आणि जेराल्ड लुअर्स, दोघं कलाकार, सिडनीच्या पश्चिम टोकाला एमू प्लेन्सला नेपियन नदीकाठी राहायचे. मार्गो गेल्यावर मुलींनी ते घर, बाग आणि चित्रं-शिल्पं गावाला देऊन टाकली आणि १९८१ मध्ये तिथे पेनरिथची आर्ट गॅलरी उघडली. ज्या पश्चिम सिडनीला शहरातले लोक नाकं मुरडायचे तिथलं एक राहतं घर असं गॅलरी झालं.

टिंगलीचं उलट केलं ते पीटर टलीने (१९४७-१९९२). त्याने सत्तरच्या दशकात स्वस्त रंगीत प्लास्टिक घेऊन ऑस्ट्रेलियाच्या सगळ्या बाजारू खुणा माळेत ओवल्या, सोनं-चांदी गेलं उडत. पुढे १९८२ पासून तो सिडनीच्या मार्डी ग्राचा, म्हणजे तिथल्या समलिंगी लोकांच्या दरवर्षीच्या मिरवणुकीचा, आर्टिस्टिक डायरेक्टर होता, तिथेही हाच भडकपणा. त्याच्यानंतर मग उपनगरातली वस्तू हसायला नाही तर कामाला घ्यायची मुभा मिळाली.

मेलबर्नच्या व्हिकी मेसनचं काम मला इथे सगळ्यात आवडतं. ती पितळी पत्रा करवतीने बारीक कापून फुलं-पानं करते आणि त्यावर पावडर कोटिंग, म्हणजे कोरडी रंगाची पूड विजेच्या भाराने चिकटवून भट्टीत भाजायची, जे बाहेर लोक गेटला आणि बागेतल्या खुर्च्यांना करतात तेच. २०१० च्या सुमारास तिने प्रजासत्ताकाच्या विषयावर तीन ब्रोच केले, वॅटल, गुलाब आणि ओरेगॅनो. पहिलं इथलं, दुसरं इंग्रजांनी आणलेलं, तिसरं युद्धानंतरच्या ग्रीक-इटालियनांच्या परसातलं. त्याला पार्श्वभूमी १९९९ च्या सार्वमताची, त्यात देशाच्या प्रमुखपदी ब्रिटनची राणी नको म्हणणारे हरले, साधारण ५५ टक्के मतं विरोधात. मेसनचे ब्रोच विकायला नव्हतेच, कोणी विचारलं हे काय लावलंय की त्या विषयावर बोलायचं आणि ब्रोच पुढच्याला देऊन टाकायचा. दागिना तिजोरीत न जाता हातोहात फिरत राहतो ही कल्पना आपल्यासारख्या लॉकरवाल्या लोकांना पचायला जडच.

२०१५ मध्ये मेलबर्नला रेडियंट पॅव्हिलियन नावाचा ज्वेलरीचा मोठा उत्सव सुरू झाला. त्याच शहराच्या टारनीट, पॉइंट कुक या उपनगरांकडे आता आपली मराठी घरं भरपूर आहेत, आणि तिथल्या परसात कुंडीत कढीपत्ता असतोच, कारण भारतातून ताजी पानं आणू देत नाहीत आणि थंडीत ते झाड जगवायला घरात घ्यावं लागतं. तो अजून कोणाच्या ब्रोचवर मी तरी पाहिलेला नाही.