हवेवर चालणारी बॅटरी पुन्हा चार्ज करताना

श्रवणयंत्राच्या बटन सेलवरचा चिकट टॅब काढला की त्याखालच्या बारीक छिद्रांतून हवा आत शिरते आणि सेल काम करू लागते. ऑक्सिजन साठवावा लागत नसल्याने आतली बहुतेक जागा जस्ताला मिळते. कल्पना जुनीच आहे. 1878 मध्ये लुई माईश यांनी लेक्लांशे सेलमधल्या (जस्तावर चालणाऱ्या जुन्या बॅटरीतल्या) मँगनीज डायऑक्साइडऐवजी हवेतला ऑक्सिजन वापरणारा प्लॅटिनमयुक्त कार्बन बसवला. 1932 मध्ये हाइझ आणि शूमाकर यांनी मेण मुरवलेल्या कार्बनचा इलेक्ट्रोड केला, आणि अशा सेल रेल्वे सिग्नलना वीज पुरवू लागल्या. पण जस्त संपलं की सेल बाद.

पुन्हा चार्ज करताना जस्ताचे काटे वाढतात, हे खरं. तरी खरी डोकेदुखी हवेच्या बाजूला आहे. डिस्चार्जमध्ये ऑक्सिजनचा रेणू चार इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रॉक्साइड होतो, चार्जिंगमध्ये याच्या उलट. दोन्ही दिशांना ही क्रिया रेंगाळते. सैद्धांतिक व्होल्टेज सुमारे 1.66 व्होल्ट, हाती येतात 1.2 च्या आसपास, चार्जिंगला मात्र 2 च्या घरात मोजावे लागतात. मधली ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणून क्रियेला वेग देणारा उत्प्रेरक लागतो. प्लॅटिनम ऑक्सिजन घेण्यात तरबेज, सोडण्यात कच्चा. इरिडियम आणि रुथेनियमची ऑक्साइडं सोडण्यात चांगली, पण दुर्मिळ. शिवाय चार्जिंगच्या व्होल्टेजला कार्बन स्वतःच झिजतो.

1970 मध्ये मेडोक्रॉफ्ट यांनी लॅन्थेनम-स्ट्रॉन्शियम-कोबाल्टचं पेरोव्स्काइट (एका ठरावीक स्फटिकरचनेचं) ऑक्साइड प्लॅटिनमला स्वस्त पर्याय म्हणून पुढे केलं. 1980 च्या दशकात बॉक्रिस आणि ओटागावा यांनी अनेक पेरोव्स्काइट शेजारी ठेवून तपासली आणि कोबाल्ट, निकेल यांसारख्या धातूच्या इलेक्ट्रॉन-रचनेशी क्रियेचा वेग जोडून पाहिला. माझ्या मते ‘डिझाइन’ इथून सुरू होतं. त्याआधी बराचसा भाग चाचपणीचा होता.

2011 मध्ये एमआयटीतल्या यांग शाओ-हॉर्न यांच्या गटाने हा धागा एका आकड्यापर्यंत आणला. पृष्ठभागावरच्या धातूच्या ‘ई-जी’ ऑर्बिटलमध्ये (ऑक्सिजनशी बंध जोडणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या कप्प्यात) साधारण एक इलेक्ट्रॉन असला, तर ऑक्सिजन फार घट्टही धरला जात नाही, फार सैलही नाही. त्या हिशोबाने बेरियम, स्ट्रॉन्शियम, कोबाल्ट आणि लोह यांचं एक पेरोव्स्काइट निवडलं गेलं. अल्कधर्मी द्रावणात ऑक्सिजन सोडण्याचा त्याचा वेग इरिडियम ऑक्साइडच्या किमान दहापट भरला.

पुढच्याच वर्षी त्याच गटाला दिसलं, की हेच ऑक्साइड काम करताना पृष्ठभागावर स्फटिकरूप गमावतं आणि त्यातलं बेरियम, स्ट्रॉन्शियम द्रावणात उतरतं. म्हणजे इलेक्ट्रॉन मोजले होते एका पृष्ठभागाचे, आणि क्रिया चालली होती दुसऱ्यावर.