बाळाच्या बेंबीला काय लावायचं?
(बाळ-बाळंतीण मालीशचं बुकिंग केलेल्या घरांसाठी)

मावशी दारात चपला काढत असतात तोवरच प्रश्न येतो, "नाळेला काय लावू?" काही नाही. हळद नको, खोबरेल नको, राख, काजळ, पावडर काहीच नको. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तेवढंच. नाळ कोरडी आणि उघडी ठेवा, लंगोट तिच्या खाली दुमडा. साधारण ५ ते १५ दिवसांत ती आपली आपण गळते.

तरी एखाद्या घरी दुपटं सोडलं की बेंबी पिवळीजर्द दिसते. वर हळद-तेलाचा लेप, आणि बेंबी वर येऊ नये म्हणून पट्टीनं बांधलेलं रुपयाचं नाणं! मग मावशी "आधी डॉक्टरांना दाखवून या" म्हणतात. त्या दिवसाची मालीश बुडते, पुढच्या घरी पाणी तापवून बसलेली बाळंतीण खोळंबते. मावशींवर चिडू नका, नियम आमचा आहे.

भीती धनुर्वाताची. त्याच्या जंतूंची बीजं मातीत, धुळीत, शेणात वर्षानुवर्षं टिकतात, साध्या उकळीनंही सगळी मरत नाहीत. ती वाढतात हवा नसेल तिथे. कापलेल्या नाळेवर लेप थापला की त्यांची सोयच झाली. "हळद तर जंतू मारते," असं आजी म्हणतात. पण डब्यातली हळद आमटीसाठी ठीक, ती निर्जंतुक नसते. धुरीसाठी गोवरी मोडली असेल तर साबणानं हात धुतल्याशिवाय लंगोटाला हात लावू नका.

"आता कुठे राहिलाय धनुर्वात?" २०१५ मध्ये भारतात नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं, हे खरं. पण उच्चाटन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. माती होती तीच आहे.

म्हणूनच आम्ही सातव्या महिन्यात बुकिंग घेताना लसीचं कार्ड बघतो. काहींना ती चौकशी वाटते. पण टीडीचे (धनुर्वात-घटसर्पाची लस, पूर्वीचं टीटी) दोन डोस चार आठवड्यांच्या अंतरानं लागतात आणि दुसरा बाळंतपणाच्या निदान दोन आठवडे आधी व्हायला हवा. मागच्या तीन वर्षांतल्या बाळंतपणात दोन्ही झाले असतील तर एक बूस्टर पुरतो. सरकारी दवाखान्यात लस मोफत आहे. आईचं हे संरक्षण वारेतून बाळाला मिळतं. बाळाची स्वतःची धनुर्वाताची लस सुरू होते ती दीड महिन्यानंतर.

चांगलं दूध ओढणारं बाळ अचानक ओढेनासं झालं, जबडा घट्ट झाला, स्पर्शानं किंवा आवाजानं अंग ताठ करू लागलं, तर आम्हाला फोन करण्यात वेळ घालवू नका, थेट रुग्णालय गाठा. बेंबीभोवती लाली, पू किंवा घाण वास असेल तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

नाळ गळेपर्यंत बाळाला आंघोळ नाही, ओल्या फडक्यानं पुसणं. "मग पैसे पूर्ण का?" कारण बाळंतिणीची मालीश, शेक चालूच असतो. आमच्या बाळंतविड्यात मलमलचे, बेंबीखाली बांधता येतील असे आखूड लंगोट आहेत. घरचं जुनं सुती लुगडं स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून फाडलं तरी चालेल.

मावशींच्या पिशवीत साबण आणि स्वतःचा पंचा असतो. आल्या आल्या त्यांना फक्त नळ दाखवा, चहा नंतर.