दाभोळ, कोचाबांबा आणि करारातलं मागचं दार

मुक्त व्यापार करार म्हटला की आपल्याकडे चर्चा होते ती व्हिस्कीवरच्या आयात शुल्काची, फार तर दुधाची आणि सोयाबीनची. वीज-पाण्यासारख्या सेवांना मात्र खरा चटका बसला तो गुंतवणूक-संरक्षणाच्या कलमांमुळे. ही कलमं कधी व्यापार करारातच असतात, जसं अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातल्या, १९९४ ते २०२० लागू असलेल्या ‘नाफ्टा’ कराराचं अकरावं प्रकरण, तर कधी स्वतंत्र द्विपक्षीय करारात. सरकारी निर्णयाने आपलं नुकसान झालं असं वाटलं, तर परदेशी गुंतवणूकदार त्या सरकारला थेट आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचू शकतो. कामगार संघटनेला किंवा वीजग्राहकाला तशी सोय नाही.

आपला अनुभव गुहागरजवळच्या अंजनवेलचा, म्हणजे अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा. डिसेंबर १९९३ च्या करारानुसार राज्य वीज मंडळाने दाभोळची वीज उचलो वा न उचलो, स्थिर आकार भरायचाच, तोही डॉलरशी बांधलेला. १९९५ मध्ये युतीचं सरकार आलं. प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा झाली, ऑगस्टमध्ये करार रद्दही झाला आणि पुढे तोच प्रकल्प दुसऱ्या टप्प्यासकट परत आला! ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस वेलदूर या मच्छीमारांच्या गावात घराघरांत शिरले आणि विरोध करणाऱ्या बायकांना धरून घेऊन गेले. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. दर मंडळाला झेपेनात, आणि दोनच वर्षांत संच थंडावले.

डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन दिवाळखोरीत गेली. तिथे हिशेब मिटायला हवा होता. पण प्रकल्पातल्या मूळच्या १०-१० टक्क्यांच्या भागीदार जीई आणि बेक्टेल या अमेरिकन कंपन्यांची गुंतवणूक मॉरिशसमार्गे आलेली होती, आणि भारत-मॉरिशस गुंतवणूक करार १९९८ सालीच झाला होता. करसवलतीसाठी प्रसिद्ध असलेला तो पत्ता भारताला लवादापुढे खेचायलाही कामी आला. जुलै २००५ मध्ये तडजोड झाली: बेक्टेलला १६ कोटी डॉलर, जीईला साडेचौदा कोटी. प्रकल्प एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांच्या नव्या कंपनीकडे गेला.

हीच बेक्टेल दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियात हरली, तीही याच सुमारास. सप्टेंबर १९९९ मध्ये कोचाबांबा शहराचं पाणी ४० वर्षांसाठी एका कंपनीसमूहाकडे गेलं. त्यात बेक्टेलचा मोठा वाटा होता. जानेवारीत बिलं आली, काहींची दुपटीहून जास्त. लोकांनी स्वतः वर्गणी काढून खणलेल्या विहिरीही कंपनीच्या मक्तेदारीत जाणार होत्या, त्यामुळे शेतकरीही शहरात उतरले. आंदोलनाच्या अग्रभागी होता ऑस्कर ओलिवेरा, बुटांच्या कारखान्यातला कामगार आणि कारखाना कामगारांच्या महासंघाचा नेता. ८ एप्रिल २००० रोजी १७ वर्षांचा व्हिक्टर ह्यूगो दाझा गोळीला बळी पडला. दोन दिवसांनी सरकारने करार रद्द केला.

पण कंपनीने आपला कागदोपत्री पत्ता आधीच, १९९९ च्या अखेरीस, नेदरलँड्सला हलवला होता. नेदरलँड्स-बोलिव्हिया कराराच्या आधारे तिने जागतिक बँक गटाच्या लवादात कोट्यवधी डॉलरचा दावा ठोकला. जगभरातून टीकेचा भडिमार झाला. जानेवारी २००६ मध्ये कंपनीचे समभाग बोलिव्हियाकडे आले ते दोन बोलिव्हियानोंना (तिथलं चलन), म्हणजे नाममात्र किमतीला. आपल्याकडे जीई-बेक्टेलची तडजोड होऊन तेव्हा सहा महिनेच झाले होते. दोन दाव्यांचे कायदेशीर मुद्दे वेगळे होते हे खरं, तरी माझ्या मते खरा फरक मागे उभ्या राहिलेल्या लोकांचा होता.

भारताला जाग आली ती उशिरा, २०११ मध्ये. भारतीय न्यायालयांच्या दिरंगाईवरून व्हाइट इंडस्ट्रीज ही ऑस्ट्रेलियन कंपनी भारताविरुद्ध जिंकली. दुसऱ्या देशाला दिलेली सवलत आपल्यालाही मिळावी, या तरतुदीच्या जोरावर तिने आधार घेतला भारत-कुवेत करारातल्या कलमाचा! २०१६ पासून भारताने बहुतेक जुने गुंतवणूक करार मोडीत काढले. पुढच्या करारांसाठीच्या नव्या नमुन्यात अट घातली: आधी पाच वर्षं भारतीय न्यायालयात दाद मागा, मग लवाद. संयुक्त अरब अमिरातीबरोबरचा करार २०२४ मध्ये लागू झाला, त्यात या पाचाची तीन वर्षं झाली आहेत.